आबांनी मान हलवली

आमच्या घरात कायदा एकच होता. आबांनी मान हलवली की विषय संपला.

आबा म्हणजे माझे सासरे. कोऱ्हाळ्यात आमचं घर, घराभोवती ऊस, आणि घराच्या ओट्यावर लोखंडी पलंगावर आबा. कुणाला काही हवं असेल तर पलंगासमोर उभं राहायचं, बोलायचं आणि वाट बघायची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आबा असे रोखून बघत की भल्याभल्यांची बोबडी वळायची. मग मान उभी हलली तर काम झालं. आडवी हलली तर मुकाट्यानं आत जाऊन भाकरी खायची. वरच्या कोर्टात अपील नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र ही मान भलतीच उदार झाली होती. आडवी हलायचं ती विसरूनच गेली. माझ्या थोरल्या पुतण्याला चांगली धावती मोटारसायकल बदलायची होती, मान हलली. धाकट्याला मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं, मान हलली. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातल्या धडधाकट फरशा उचकटून काळा ग्रॅनाइट बसवायचं काढलं, त्यालाही मान हलली. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं भावकीत बोललं जाऊ लागलं.

माणूस मऊबिऊ झाला नव्हता. माणसाला ऐकू येत नव्हतं.

हे घरात फक्त मी ओळखलं होतं, कारण माझा धंदाच तो. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक मला ‘कानाच्या मॅडम’ म्हणतात आणि कानातल्या मशीनचे सेल संपले की रविवारीही फोन करतात. बारामतीत माझा दवाखाना आहे. सुप्यापासून इंदापूरपर्यंतची माणसं येतात, आणि सगळ्यांची युक्ती एकच असते. ‘काय म्हणालात?’ हे पुन्हापुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून माणूस हसून मान हलवतो. समोरचा खूश, हा मोकळा. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या मिलहाऊसमध्ये फिटर म्हणून गेलेली. ऊस चिरडणाऱ्या त्या रोलरांच्या शेजारी उभं राहून म्हातारा झालेला माणूस नातवाची पुटपुट कशी ऐकणार? त्यात मास्कचे दिवस आले आणि तेव्हापासून तर त्यांचं बिनसलंच. त्यानंतरच मान इतकी उदार झाली.

मग मी गप्प का होते, असं कुणी विचारेल. मी गप्प होते कारण माझा दवाखानाच त्या मानेवर उभा होता.

माझी मुलगी लहान असतानाची गोष्ट. शिक्षण हातात होतं, पण सुनेनं बारामतीत दवाखाना थाटणं घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नवरा म्हणाला, आबांना विचार. मी विचारलं. पण कधी? गोठ्यापुढं चारा कापायची कडबाकुट्टी धडाडून चालू असताना. आवाजाचं गणित मला नुकतंच पाठ झालेलं होतं. यंत्राचा आवाज एवढा, माझा आवाज एवढा, म्हणजे आबांच्या कानात शिरणार शून्य. मी यंत्राशेजारी उभी राहिले, अगदी घरगुती आवाजात माझं सगळं म्हणणं मांडलं, आबांनी नेहमीसारखं रोखून बघितलं आणि मान उभी हलवली. ‘आबा हो म्हणाले,’ असं मी घरभर सांगत सुटले. नवऱ्याचा जबडा खाली आला तो पाटी लागेपर्यंत वर गेला नाही. पुढं कितीतरी वर्षं मैत्रिणींना ही हकिकत मी टाळ्या घेत सांगितली.

मधूनमधून मी म्हणायची, ‘आबा, एकदा दवाखान्यात या ना.’

‘मला काय झालंय? तात्याला ने. त्यो ठार बहिरा हाय.’

तात्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. सगळा जन्म ट्रॅक्टरवर. त्यांना विचारावं तर ते म्हणायचे, ‘माझं ब्येस हाय. दादाला न्या, दादाला कायबी ऐकू येत न्हाय.’ संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत. आबा कारखान्याचं बोलत, तात्या नांगरटीचं, आणि दोघं अगदी समाधानानं उठत. मीही म्हणायची, चाललंय तर चालू दे.

चालेनासं झालं ते माझ्या मुलीमुळं.

ती बारामतीत माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. शेतकरी पिशवीतून माती घेऊन येतात आणि ही त्यांना त्या मातीत काय कमी, काय जास्त ते सांगते. तिला इंदापूरकडचं स्थळ आलं. मुलगा डाळिंबाची बाग बघतो, दोघं भेटली, बोलली, एकमेकांना पसंत पडली. घोडं एका जागी अडलं होतं. मुलाच्या घरी सुनेनं नोकरी करायची पद्धत नव्हती. मुलगा तिला म्हणाला होता, माझी काही हरकत नाही, पण आजोबांपुढं मी बोलू शकणार नाही. ते म्हणजे वाघच जणू.

आमच्याकडं लग्नाच्या बैठकीत थोरला माणूस जे बोलतो तो शब्द. तो नंतर फिरत नाही. मुलीचा बाप बोलला तर ‘बघू’ म्हणतात, आणि मुलीची आई बोलली तर चहा गार झाला का ते विचारतात. म्हणून माझी हुशार लेक थेट आबांकडं गेली. स्कूटीवरून उतरली आणि डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेलं तशीच पलंगासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘आबा, लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. हे बैठकीत तुम्ही सांगायचं.’

आबांनी मान हलवली. पोरगी नाचत आत आली. मी दारात शेंगा सोलत होते. त्या मानेत काय आहे ते मला माहीत होतं. काहीच नव्हतं. बैठकीतही ती अशीच हलणार, समोरचे काहीही म्हणोत, आणि तो शब्द होणार.

दुसऱ्या दिवशी मी आबांना एकटं गाठलं आणि ओरडून म्हटलं, ‘तात्यांना दवाखान्यात न्यायचंय, पण तुमच्याशिवाय ते येणार नाहीत.’ मग गोठ्यात जाऊन तात्यांना म्हटलं, ‘आबांना न्यायचंय, पण तुमच्याशिवाय ते हलणार नाहीत.’ दोघंही धुतलेली टोपी घालून, एकमेकांकडं दयेनं बघत गाडीत बसले.

पहिलं तात्यांच्या कानात बघितलं. आत मळाचा असा बूच बसला होता की पडदा कुठं आहे त्याचा पत्ता नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. मळ मऊ होऊन निघेपर्यंत तपासणीही नाही आणि मशीनही नाही. ‘बघ, मी म्हनलं नव्हतं?’ असा चेहरा करून भावाला सोबत म्हणून आलेले आबा त्याला बाहेर बसवून माझ्या आवाजबंद खोलीत शिरले, आणि मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

बारीक टी-टी ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच काम. आबा बटण हातात धरून बसून राहिले. मी आवाज वाढवत गेले. बाहेर तात्यांनासुद्धा ऐकू जाईल इतका वाढवला तेव्हा कुठं त्यांनी बटण दाबलं, आणि तेही संशयानं. मग शब्दांची चाचणी. त्यात मी तोंडापुढं कागद धरते आणि शब्द म्हणते. आबा भडकले.

‘तोंड कशापायी झाकलंस? सरळ बोल की!’

‘पद्धत असते तशी, आबा.’

‘कसली पद्धत? समोरच्यापासनं तोंड लपवायचं?’

नंतर मी त्यांना त्यांच्या कानांचा आलेख दाखवला. बारीक आवाजांच्या बाजूला रेघ विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. आबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. कारखान्यात त्यांनी असे पुष्कळ कागद वाचले असतील. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘मंग एवढी वर्सं मी कशाकशाला मान हलवली?’

तेवढ्यानं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी दोन्ही कानांत लगदा भरून साचे घेतले, आणि बैठकीच्या आधी मशीनची जोडी तयार झाली. उजव्याला लाल खूण, डाव्याला निळी.

मशीन घालून आबा घरी आले आणि घरावर संकट कोसळलं. पंखा कुरकुरतो, दार करकरतं, पाखरं लई वरडत्यात, नळ कोण बंद करत न्हाय. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. आबांनी एकेकाला पलंगासमोर बोलवायला सुरुवात केली. ‘म्या तुला कशाला मान हलवली हुती? खरं सांग.’

घरात धावपळ उडाली. गोव्याचं ऐकून आबा एवढंच म्हणाले, ‘गोवा? आन म्या हो म्हनलं?’ ग्रॅनाइटचं ऐकून ते स्वतः आत येऊन ग्रॅनाइट बघून गेले. दिलेलं त्यांनी काही परत घेतलं नाही, फक्त प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. थोरला पुतण्या म्हणाला, मोटारसायकलला आणि बांधावरचा लिंब तोडायला. तो लिंब वाऱ्यानं पडला असंच आबा समजत होते. ते उठून बांधावर गेले, आणि त्या दिवशी पुतण्या जेवायला बसला नाही.

माझ्या मुलीनं स्कार्फ न बांधता आपली अट पुन्हा सांगितली. आबांनी मान हलवली आणि वर म्हणाले, ‘ही आता खरी.’

मी मात्र पलंगासमोरून जायचंच टाळलं. मागच्या दारानं ये-जा सुरू केली. माझी पाटी बारामतीत झळकत होती, आणि तिची चौकशी मला नको होती.

बैठक इंदापूरला, मुलाच्या घरी. पुरुष मंडळी मोठ्या खोलीत गाद्यांवर, आम्ही बायका आतल्या खोलीत दाराशी. एरवी मी लोकांना कान उघडा असं सांगत फिरते, पण बैठकीत मीही दाराशीच. आबांच्या डाव्या हाताला मुलाचे आजोबा बसले होते. गृहस्थ भारदस्त, आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा ओठांवरून अशा आल्या होत्या की ते घास कुठून घेतात हा प्रश्न पडावा.

पाहुण्यांना फेटे बांधायला सुरुवात झाली. आबांना बांधला, तात्यांना बांधला. आणि खोलीत शिट्टी वाजू लागली.

बारीक, लांबलचक, न थांबणारी. यजमानांनी आत बघून कुकर उतरवायला सांगितलं. कुकर चढवलेलाच नव्हता. कुणी मोबाईल तपासला. कुणी म्हणालं, टाकीत पाणी चढतंय. ती शिट्टी मी झोपेतही ओळखते. मशीनचा साचा कानात नीट बसला नाही आणि वरून कापड दाबलं की मशीन अशीच बोंब मारतं. पण आबांचा साचा तर मी स्वतः बसवला होता! मी दाराच्या फटीला डोळा लावला. आबांच्या डाव्या कानात काही नव्हतं. तात्यांच्या फेट्याखालून निळी खूण डोकावत होती. एकाच्या कानाचा साचा दुसऱ्याच्या कानात, त्यात अजून निम्मा मळ, आणि वर फेटा.

दोघांनी जोडी वाटून घेतली होती! आता माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. माझी गाडी फाटकात आली की आबा घाईघाईनं कानाशी चाळा का करायचे आणि तात्या त्याच वेळी त्यांच्या पलंगावर का टेकायचे, तेही कळलं. आणि याहून वाईट म्हणजे आबांचा मोकळा कान आजोबांच्या बाजूला होता.

आजोबा ठरलेल्या गोष्टी एका दमात म्हणू लागले. ‘लगीन हितंच करू, जेवान आमच्याकडं, मानपान दोनी बाजूचा सारखा, पोरगी लग्नानंतर घरीच ऱ्हाईल, आन तारीख तुमी सांगाल ती.’

‘हां, हां,’ सगळे म्हणाले. आबा रोखून बघत होते, पण बघणार काय? मिशा. शिट्टी चालूच होती. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. आबांची मान खाली येऊ लागली.

अर्ध्यावर आली आणि थांबली.

आबांनी हात वर केला. ‘थांबा पाव्हणं. मला ऐकू आलं न्हाय.’

इतक्या वर्षांच्या कामात हे वाक्य माणसाच्या तोंडून काढायला मला किती कष्ट पडतात ते माझं मला ठाऊक. आबांच्या तोंडून तर ते मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला मिळालं ते भरल्या बैठकीत. अभिमानानं माझा ऊर भरून आला, हे मी लपवणार नाही.

मग आबांनी यजमानांनी बांधलेला फेटा डोक्यावरून उतरवून मांडीवर ठेवला. लोक एकमेकांकडं बघू लागले. आबांनी तात्यांच्या फेट्यात बोट घालून मशीन काढलं. शिट्टी बंद. ते धोतराला पुसलं, स्वतःच्या डाव्या कानात बसवलं आणि म्हणाले, ‘राग धरू नका. ह्याच्यावर फेटा बसत न्हाय. आता एकएक बोला.’

आजोबा एकएक बोलले. लग्न इथं, मान उभी. जेवण, मान उभी. मानपान, उभी. पोरगी घरी राहील, आणि मान आडवी हलली. किती वर्षांनी हलली! घरातल्या प्रत्येकाची ती ओळखीची होती.

‘न्हाय. पोरगी नोकरी करनार. म्या तिला शब्द दिलाय. माती तपासती ती. तुमच्या बागंचीबी तपासून घ्या, डाळिंबाला बरं पडंल.’

आजोबांनी कानामागं हात नेला. ‘काय म्हनलासा?’

आबांनी तेच खणखणीत आवाजात पुन्हा म्हटलं. आजोबा नातवाकडं वळले. नातू पुढं सरकून म्हणाला, ‘मला चालेल, आजोबा.’

‘मंग करू दे की. तुझं तू आदी बोलायचंस,’ आजोबा म्हणाले. आणि आबांच्या कानाकडं वाकून बघत, मिशांतल्या मिशांत विचारलं, ‘ह्ये कुठं मिळतं?’

माझ्या लेकीनं माझं मनगट सोडलं आणि माझ्याच पदराला डोळे पुसले.

परत येताना नवरा गाडी चालवत होता, मी पुढं, मागं दोघं भाऊ आणि मुलगी. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती, त्यामुळं मला भांडायला भरपूर वेळ होता. ‘मशीन काय वाटून घ्यायची वस्तू आहे का? साचा एकाचा, कान दुसऱ्याचा!’

‘हीर निम्मी, बांद निम्मा, मोटर निम्मी,’ आबा म्हणाले. ‘मशीन एकट्याचं कसं आसंल? त्याला थेंब घालून बसवलंस. तवर त्येनं ऐकायचं न्हाय व्हय?’

आणि लगेच पुढं म्हणाले, ‘आता तूच ऱ्हायलीस. मागच्या दारानं पळतीस, बगतोय मी. तुला कशाला मान हलवली हुती?’

सुटका नव्हती. मी समोरच्या ट्रॉलीकडं बघत म्हटलं, ‘दवाखान्याला.’

‘मागं वळून बोल.’

मी वळले. ‘दवाखान्याला, आबा. पण तेव्हा कुट्टी चालू होती. तुम्हाला ऐकू आलंच नव्हतं.’

‘ऐकू कसं येनार? मिलहाऊसला तरी कुनाला ऐकू येत हुतं? आमी समदे एकमेकाची तोंडं बगून काम करायचो.’ आबा हसले. ‘तू कुट्टीपाशी हुबी हुतीस, उनात, तोंड माज्याकडं. म्हनलीस, आबा, मला बारामतीत दवाखाना काढायचाय. घरात बसून शिकलेलं समदं विसरून जाईन, आन मंग सगळ्यांवर चिडत बसेन. म्हनलीस का न्हाय?’

म्हटलं होतं. अगदी हेच म्हटलं होतं, चिडत बसेन इथपर्यंत.

‘म्या इचार करून मान हलवली,’ आबा म्हणाले. ‘चिडकी सून घरात कुनाला पायजे?’

नवरा हसायला लागला. मला मात्र रडू फुटलं. ज्या मानेला मी इतकी वर्षं फसवलेली समजत होते, ती खरी होती. मला परवानगी मिळाली होती, सरळ, उजेडात, समजून उमजून.

‘काय झालं? का रडती?’ तात्यांनी विचारलं. त्यांना यातलं काहीच पोचलं नव्हतं. आबांनी डाव्या कानातलं मशीन काढलं आणि माझ्यादेखत भावाच्या तळहातावर ठेवलं. तात्यांनी ते कानात खुपसलं. गाडीत बारीक शिट्टी सुरू झाली.

मी डोळे पुसले, सीटवर पुरती मागं वळून बसले, आणि माझं तोंड दोघांनाही नीट दिसेल अशा बेतानं कडबाकुट्टीपासूनची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.